सोन्याच्या डोंगराखालचे पितळेचे गाव

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे मागे टाकून उत्तरेकडे निघाले, की विसेक किलोमीटरवर रस्त्यालगत एक बुटकी, लांबट टेकडी दिसते. टेकडीच्या माथ्यावर तटाची तुटक रेघ आणि पायथ्याशी घरांची दाटी. गाडीतले कोणीतरी विचारते, "हा कुठला किल्ला?" दुसरे कोणीतरी उत्तर देते, "असेल एखादा." एवढे बोलणे होईपर्यंत टेकडी मागे पडलेली असते आणि नरडाण्याची पाटी जवळ आलेली असते. इंदूर, उज्जैन, महेश्वर, मांडव पाहायला निघालेल्या मराठी प्रवाशाची सोनगीरशी ओळख बहुधा एवढीच.

मराठी माणूस आता पुष्कळ हिंडू लागला आहे. इटलीला जाऊन आलेले कोणी नाही असे घर शहरांतून शोधावे लागेल. पहिल्या खेपेला रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस होते. दुसऱ्या खेपेला गेलेली मंडळी मात्र वेगळ्याच गावांबद्दल बोलतात. टस्कनीतल्या लुक्का गावाबद्दल सांगतात, की तिथे फार काही नाही, एक तट आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत तोफांच्या माऱ्यासाठी बांधलेला, सुमारे चार किलोमीटर घेराचा. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर झाडे लावून फिरण्याची वाट केली, आणि आज गावातली पोरेबाळे त्या तटावर सायकली चालवतात. अशा गावांत गाडी वेशीबाहेर ठेवावी लागते. पायी शिरायचे, चुकायचे, कोणाला तरी विचारायचे, एखाद्या कारागिराच्या दुकानापुढे उभे राहायचे. परत आल्यावर आठवते ते हे. एखादा प्रसिद्ध घुमट त्या मानाने लवकर विसरतो.

मग मनात प्रश्न येतो, की असे पायी शिरण्याजोगे गाव आपल्या रस्त्यावर नाहीच का? आहे. फक्त आपण तिथे गाडी थांबवत नाही. सोनगीर हे त्यांपैकी एक.

दोन वाटांच्या मधले गाव

सोनगीर समजायचे तर आधी रस्ता समजून घ्यावा लागतो, कारण गाव जन्मले ते रस्त्याच्या पोटी. खानदेशात दोन जुन्या वाटा एकमेकींना छेदतात. एक पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी. सुरत बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जाई. सतराव्या शतकातल्या तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात या मार्गावरची मुक्कामाची गावे एकापाठोपाठ एक लिहून ठेवली आहेत. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, हेही नोंदवायला तो विसरला नाही. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. १६५६ मध्ये घर सोडून पळालेला व्हेनिसचा एक तरुण, निकोलाव मनुची, सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेला. त्याने पुढे मोगल दरबाराचा मोठा बखरवजा ग्रंथ लिहिला. आज आपण व्हेनिस पाहायला जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसचा माणूस खानदेश तुडवत जात होता.

दुसरी वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी. दख्खनच्या पठारावरून लळिंगच्या खिंडीतून उतरायचे, पांझरा ओलांडायची, पुढे तापी ओलांडून सातपुड्याच्या घाटाने सेंधव्याकडे आणि माळव्यात जायचे. आजचा आग्रा रस्ता जवळपास हीच वाट धरून जातो. या दोन वाटा जिथे एकमेकींच्या जवळ येतात, त्या मोकळ्या माळावर सोनगीरची टेकडी उभी आहे. आजूबाजूला सपाट रान, मध्ये हा एकच उंचवटा. वाटेवर नजर ठेवायला याहून सोयीची जागा कुठली असणार?

फारुकी घराण्याची कथा याच पट्ट्यात घडली. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला आणि खानदेशच्या स्वतंत्र सुलतानीचे बी पडले. १३९९ मध्ये मलिक राजा वारला तेव्हा थोरल्या नासिरखानाकडे लळिंग आणि धाकट्या इफ्तिखारकडे थाळनेर अशी वाटणी झाली. ती फार काळ टिकली नाही. १४१७ मध्ये नासिरखानाने माळव्याच्या सुलतानाच्या मदतीने भावाचे थाळनेर घेतले. सोनगीर आहे लळिंग आणि थाळनेर यांच्या मधल्या मुलखात. भाऊबंदकीचे घोडे या माळावरून किती वेळा गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१६०१ च्या जानेवारीत अकबराने असिरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. मोगलांनंतर निजाम आला. १७५२ च्या भालकीच्या तहाने या भागातला मोठा मुलूख पेशव्यांकडे आला. मराठी फौजा माळव्यात जात-येत राहिल्या. १८०२ नंतर होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेशाची पार धूळधाण केली. १८१८ मध्ये इंग्रज आले. त्या वर्षी फेब्रुवारीत थाळनेरच्या गढीत मोठी कत्तल झाली आणि सर टॉमस हिस्लॉपने तिथल्या तुळशीराम मामा या किल्लेदाराला फाशी दिले. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला येऊन बसला आणि उजाड गावे पुन्हा वसवण्याचे काम सुरू झाले.

या सगळ्या धामधुमीत शाळेच्या पुस्तकात धडा असावा अशी लढाई सोनगीरच्या नावावर नाही. तो चौकीचा किल्ला. वाटसरूंवर नजर ठेवणे, काफिल्याला रात्रीपुरता आसरा देणे, पुढच्या चौकीला खबर करणे अशी कामे करणारा. असल्या किल्ल्यांना पोवाडे मिळत नाहीत. पण राज्य चालते ते अशांच्या जिवावर.

किल्ल्यावर

किल्ल्यावर जायची वाट गावातूनच आहे. गाव सुवर्णगिरी या नावाचा अभिमानाने उल्लेख करते. सोन्याचा डोंगर तो सोनगीर. प्रत्यक्षात डोंगर काळ्या कातळाचा आणि वाळलेल्या गवताचा. उन्हाळ्याच्या तोंडाला हे गवत संध्याकाळी पिवळे दिसते, तेवढेच सोने. पायथ्याच्या घरातून एखादी आजी हमखास बजावते, "भाऊ, वर पानी नही शे, आठेच पी ल्या." तिचे ऐकावे. अहिराणीतला हा 'शे' कानावर पडला, की आपण खानदेशात आहोत याची खूण पटते.

चढण अवघड नाही. पडझड झालेल्या दरवाजाच्या खुणा, तटाचे उरलेसुरले तुकडे, कुठे बुरुजाचा गोल. माथा अरुंद आणि लांबट. वर कातळात खोल खोदलेली विहीर आहे. तिच्या काठाशी उभे राहिले, की किल्ला म्हणजे काय हे एका क्षणात कळते. भिंती नंतर, आधी पाणी. ज्याने हा कातळ फोडला त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. तट बांधणाऱ्या सुलतानांची नावे सापडतात. विहीर खणणाऱ्या वडारांची सापडत नाहीत.

माथ्यावरून चारी दिशांना सपाट रान दिसते. कापूस, ज्वारी, कुठे केळी. मधून महामार्ग जातो. वरून पाहताना ट्रक मुंग्यांसारखे एकामागून एक सरकतात आणि एकही थांबत नाही. एके काळी या टेकडीवरच्या माणसाच्या परवानगीशिवाय खालून कोणाला जाता येत नसे. आता खालून जाणाऱ्याला वर कोणी उभे आहे हे दिसतही नाही. मात्र वाऱ्याची दिशा बदलली, की खालच्या गल्लीतून एक आवाज वर येतो. ठण, ठण, ठण. मध्ये थोडा थांबून पुन्हा ठण, ठण. सोनगीरचा खरा इतिहास त्या आवाजात आहे.

तांबटांची गल्ली

सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध आहेत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही गावाची ओळख या भांड्यांवरूनच करून दिली. ना इथे तांब्याची खाण, ना जस्ताची. तरी हा धंदा इथे रुजला, कारण रस्ता होता. धातू रस्त्याने येई, भांडी रस्त्याने जात. एकोणिसाव्या शतकात विलायती पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले तसा आग्रा रस्ता अधिकच सोयीचा झाला. बैलगाड्यांच्या मुक्कामाचे गाव असल्याने गिऱ्हाईक आपल्या पायाने दारात येई.

भांडे घडताना एकदा तरी बघावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मेळ. पत्र्यावर हातोडा पडू लागला, की पत्रा वाकतो, पण त्याच वेळी कडकही होत जातो. ठोकतच राहिले तर तडकतो. म्हणून काही वेळ ठोकायचे, मग भट्टीत लाल करून मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. मोठी घागर अखंड एका पत्र्यातून निघत नाही. बूड, पोट, गळा वेगवेगळे घडवायचे, कडांना दाते पाडून ते एकमेकांत गुंतवायचे आणि टाकणखार लावून झाळायचे. सांधा असा बसायला हवा, की पाण्याचा थेंब पाझरता कामा नये. शेवटी मठारणे. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने एकसारखे ठोके द्यायचे. या ठोक्यांनी भांडे घट्ट होते आणि अंगावर उमटलेल्या शेकडो छोट्या पैलूंवर उजेड खेळू लागतो. मठारलेली घागर ओळखायला जाणकार लागत नाही, पण ओळीत एक ठोका चुकला तर तो मात्र जाणकारालाच दिसतो.

या कामात हात जातात, कानही जातात. जन्मभर ठणठणाट ऐकलेला म्हातारा कारागीर माणसाचे बोलणे ओठांवरून ओळखतो. उन्हाळ्यात पिंपळावर बसून टुक टुक करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला मराठीने तांबट हे नाव दिले आहे. ज्या समाजाने पाखराला कारागिराचे नाव दिले, त्याच्या कानात हा आवाज किती मुरलेला असेल!

भांड्यांचा व्यवहारही पाहण्यासारखा होता. भांडे वजनावर मिळे. जुने, फुटके भांडे मोड म्हणून द्यायचे, त्याचे वजन वजा करायचे, वरच्या धातूचे आणि घडाईचे पैसे भरायचे. भांडे पन्नास वर्षे वापरले तरी त्यातला धातू तितकाच राही. म्हणून शेतकऱ्याच्या घरात हंडे-घागरींची उतरंड ही ठेव असे. पीक चांगले आले की एक घागर वाढे. पाऊस दगा देई तेव्हा हीच घागर सावकाराकडे जाई, आणि बियाणे घरात येई. बँका खेड्यात पोचण्याआधी खानदेशातल्या बायांची बँक चुलीशेजारी मांडलेली होती.

बायकांचे ताम्रपट

या भांड्यांवर नावे असत. टोकदार खिळ्याने टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरे. लेकीला आंदण दिलेल्या हंड्यावर बापाचे नाव, गाव, कधी तिथी. देवळाला दिलेल्या घंगाळावर देणाऱ्याचे नाव. बचतीतून घेतलेल्या कळशीवर बाईचे स्वतःचे नाव. जुन्या काळी राजे जमिनीच्या देणग्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. त्या ताम्रपटांवरून आपण राजवंशांचा इतिहास लिहितो. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही अशा खानदेशी बाईचे नाव, माहेर आणि लग्नाचे साल जिथे लिहिले गेले ती जागा म्हणजे तिची घागर. हे तिचे ताम्रपटच होते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची, कोनाड्यांतली जुनी दप्तरे गोळा करत राहिले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. सोनगीरला निघालेल्या माणसाने आधी तिथे डोकवावे. कागद वाचले म्हणून त्यांतली माणसे वाचली, हे तिथे समजते. घागरींवरच्या नावांसाठी मात्र कोणी राजवाडे निघाला नाही.

स्टेनलेस स्टील आले तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांचे काही चुकले नाही. पितळ चिंचेने घासावे लागते, कल्हई करून घ्यावी लागते, डोक्यावर वाहताना मान मोडते. घरात नळ आला, गॅस आला, कुकर आला. कल्हईवाला दिसेनासा झाला. उतरंडी मोडीत निघाल्या. पण मोड भट्टीत जाते तेव्हा पितळ वाचते आणि नाव वितळते. सोनगीरच्या कारागिराने घडवलेली किती भांडी अशी परत भट्टीत गेली असतील!

गल्लीतले हातोडेही कमी होत गेले. यंत्रावर दाबून काढलेले भांडे स्वस्त पडते. मुरादाबादसारख्या शहरातून ते ट्रक भरभरून येते आणि त्याच आग्रा रस्त्याने सोनगीरवरून पुढे जाते. अलीकडे तांब्याच्या बाटलीतून पाणी पिण्याची टूम निघाली आहे, पितळी डबे दिवाणखान्यात मिरवू लागले आहेत. धातूला पुन्हा मान मिळाला, ठोक्याला मात्र तो अजून मिळायचा आहे. घडाई किलोवर मोजली जाते, आणि एकसारखा ठोका देणाऱ्या हाताला वीस-पंचवीस वर्षे लागतात याचे वजन कुठल्याच काट्यावर होत नाही. बापाला ऐकू येत नाही हे पाहिलेल्या मुलाने हातोडी उचलली नाही, तर त्याला दोष कसा द्यावा?

इथे पुन्हा इटलीची आठवण होते. त्या देशाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, मोलिसे प्रांतात, अन्योने नावाचे पाचेक हजार वस्तीचे गाव आहे. इटलीच्या सहलींत त्याचे नाव सहसा नसते. तेही तांब्याच्या कारागिरांचे गाव. तिथे मारिनेल्ली घराण्याचा घंटा ओतण्याचा कारखाना कित्येक शतके चालू आहे. १९२४ मध्ये पोप अकराव्या पायसने त्यांना आपले राजचिन्ह वापरण्याची परवानगी दिली. कांशाचा रस साच्यात ओतताना तिथे अजून प्रार्थना म्हटली जाते. कारखान्याला लागून घंटांचे संग्रहालय केले आहे, आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जातात. अन्योनेही ओस पडत चाललेल्या डोंगराळ मुलखातलेच गाव. तिथली तरुण पोरेही शहराकडे गेली. तरी गावाने एक गोष्ट केली. आपण काय करतो ते पाहायला परक्याला आत बोलावले, आणि त्याला बसायला जागा दिली.

सोनगीरला फार मोठ्या योजनेची गरज आहे असे वाटत नाही. किल्ल्याच्या वाटेवर आणि विहिरीच्या काठाला थोडी डागडुजी व्हावी. तांबटांच्या गल्लीकडे नेणारी एक पाटी महामार्गावर असावी. काम चालू असताना बसून पाहता येईल असे एखादे दुकान असावे. आणि गावातल्या घरांत उरलेल्या जुन्या भांड्यांवरची नावे कोणीतरी उतरून घ्यावीत. हे शेवटचे काम शाळेतली मुले एका सुट्टीत करू शकतील. प्रत्येकाने आपल्या आजीच्या घागरीवर काय लिहिले आहे ते वहीत लिहून आणायचे, एवढेच. त्यातून गावाचा जो इतिहास तयार होईल तो कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही.

जायचे कसे

धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या एसटीने सोनगीर अर्ध्या तासावर आहे. तापी खोऱ्यातली रेल्वे धरून येणाऱ्याला नरडाणा स्टेशन जवळ. चैत्र-वैशाखात खानदेशचे ऊन माणसाला भाजून काढते, तेव्हा पावसाळ्याच्या शेवटापासून माघापर्यंतचे दिवस बरे. सकाळी लवकर किल्ला करावा, उन्हे वर आली की गल्लीत उतरावे. दुपारी कुठेतरी शेवभाजी किंवा हिवाळा असेल तर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळतेच. दिवस हाताशी असेल तर तसेच पुढे तापीकाठी थाळनेरला जावे. तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतली आठकोनी कबर दगडावरच्या कोरीवकामासाठी पाहावी. परतीच्या वाटेवर लळिंगही दिसतो. दोन भावांच्या वाटणीचा सगळा मुलूख एका दिवसात पाहून होतो.

आणि सोनगीरहून रिकाम्या हाताने येऊ नये. फार मोठे नको, एखादा तांब्या घ्यावा, मठारलेला. घासाघीस धातूच्या भावावर करावी, घडाईवर करू नये. मग कारागिराला सांगून त्यावर नाव घालून घ्यावे. घरातल्या बाईचे, लेकीचे, सुनेचे. नावाखाली साल घालावे आणि सालाखाली गाव घालावे, सोनगीर. आणखी शंभर वर्षांनी कोणाच्या तरी हाती तो तांब्या लागेल, आणि त्याला तेवढ्या तीन शब्दांवरून निदान विचारता तरी येईल, की हे गाव कुठे आहे?